रिजेक्शनचा माल

बी.एड.च्या वर्गात शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला आणि मॅडमनी फळ्यावर मास्लोचा त्रिकोण काढला, तेव्हा साऱ्या वर्गात मी एकटीच अशी होते की जिला तो आधी कुठेतरी भेटलेला होता. भूक, झोप, सुरक्षितता, आपलेपणा, प्रतिष्ठा. अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1943 साली मांडलेली ही गरजांची उतरंड आम्हा मास्तर लोकांना तोंडपाठ असते. (त्रिकोण मास्लोने स्वतः काढलेला नाही, तो मागाहून इतरांनी काढला, पण आमच्या पुस्तकात तो त्याच्याच नावावर आहे.) मी मात्र ही उतरंड आडव्या पट्ट्यांच्या रूपात पाहिली होती. पोट भरलेले असले की पट्टी हिरवी, उपाशी राहिले की हळूहळू लाल. भूक, आराम, स्वच्छता, शौच, ताकद, करमणूक, माणसांची सोबत आणि भोवतालची खोली, अशा आठ पट्ट्या. या सगळ्या हिरव्या ठेवायच्या, एवढेच काम. खेळाचे नाव ‘द सिम्स’.

आपल्या वार्षिकात संगणकाच्या खेळावर लिहायचे म्हणजे काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या. आपल्या घरांतली मुले गेली वीस वर्षे या खेळांत राहताहेत आणि आपण मात्र त्याबद्दल फक्त ‘डोळे बिघडतात’ एवढेच लिहितो.

हा खेळ विल राइट नावाच्या अमेरिकन माणसाने रचला. त्याने त्याआधी, 1989 साली, शहर वसवण्याचा ‘सिमसिटी’ हा खेळ केला होता. 1991च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली, तीत राइटचे राहते घर जळाले. सगळे पुन्हा उभे करताना त्याच्या मनात आले, की माणसाला घरात नेमके काय काय लागते? पलंग आधी की खुर्ची आधी? त्या विचारातून 2000च्या फेब्रुवारीत ‘सिम्स’ बाजारात आला. त्यात ना बंदूक, ना शर्यत, ना जिंकणे. माणसे उठतात, न्याहारी करतात, कामाला जातात, भांडतात, भांडी घासायची राहून जातात. जगभर तो तुफान खपला आणि खेळणाऱ्यांत बायका-मुलींची संख्या मोठी होती, याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

पहिल्या खेळात एक खोट होती. त्यात बाळ जन्मायचे, तीन दिवसांत शाळेत जाण्याएवढे व्हायचे आणि मग तसेच राहायचे, कायमचे. आई-बापही तसेच. ती खोट 2004च्या सप्टेंबरात आलेल्या ‘सिम्स 2’ने काढली. आता बाळाचे तान्हे, रांगते, शाळकरी, तरुण, प्रौढ आणि वृद्ध असे सहा टप्पे झाले आणि शेवटी मौत. आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे मुलाला आई-बापाचे डोळे, रंग, नाक मिळू लागले.

मी तो 2006च्या मे महिन्यात मिरजेला मामूंच्या घरी पाहिला. दहावीची परीक्षा झालेली, मामूंचा मुलगा इंजिनिअरिंगला, त्याच्याकडे संगणक. मी त्यात आमचे घर बसवले. शिरोली एमआयडीसीच्या मागच्या बाजूची आमची दोन खोल्यांची चाळ काही त्यात बसेना, कारण त्या खेळातली सर्वांत गरीब झोपडीसुद्धा आमच्या घरापेक्षा मोठी. पण माणसे मी हुबेहूब केली. अब्बा, अम्मी, भाईजान, मी. दादी आमची कधीच गेलेली, तरी मी अब्बांना जे नाक दिले ते दादीचेच, बाकदार. काही दिवसांनी त्या खेळातल्या माझे लग्न झाले, मुलगी झाली, ती रांगायची थांबून उभी राहिली आणि वळली, तर तिला ते नाक! मी ओरडलेच. मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना काय सांगणार, की मेलेली दादी नातीच्या मुलीत आली म्हणून? आणि हेही सांगायची सोय नव्हती की त्या खेळात म्हातारा माणूस समाधानाने मरायला टेकला असेल तर काळा झगा घातलेला मृत्यूचा दूत येतो आणि त्याच्यासोबत निरोप द्यायला नाचणाऱ्या बायका येतात. मोहल्ल्यात कुणी ऐकले असते तर संगणक मामूंच्या घरातून त्याच दिवशी बाहेर पडला असता.

सुट्टी संपली, मी परत आले. नंतर दोन वर्षे मी त्या खेळाच्या नुसत्या आठवणीवर होते.

भाईजान आयटीआय करून सीएनसीवर लागला होता. 2008 साली त्याने कुणाकडून तरी जुने प्लेस्टेशन टू घेतले, टीव्हीला जोडायचे ते काळे यंत्र. त्याला क्रिकेट आणि मोटारी हव्या होत्या. माझ्यासाठी म्हणून त्याने एक तबकडी आणली. वेष्टनावर तेच नाव, तोच हिरवा हिरा. ‘सिम्स 2’. मी त्या रात्री अभ्यास सोडून बसले.

तो तो खेळ नव्हता.

माणसे होती, चूल होती, पट्ट्याही होत्या. पण मूल नव्हते. एकही नाही. साऱ्या गावात प्रौढ माणसेच. कुणाचे वय वाढत नव्हते, कुणाचे केस पिकत नव्हते. प्रेम होते, भांडण होते, चुलीला आग लागून अपघात व्हायचे, पण म्हातारपण नव्हते आणि म्हणून दादीचे नाक पुढे न्यायला कुणी नव्हतेच. त्याऐवजी एकामागून एक इच्छा पुऱ्या करायच्या, त्या पुऱ्या झाल्या की नव्या वस्तूंचे आणि नव्या घरांचे कुलूप उघडायचे, अशी बढतीची शिडी. संगणकावर आपण माणसाला सांगायचो, ‘जा, जेव’ आणि तो मनात असले तर जायचा, नसले तर हात झटकून नाही म्हणायचा. इथे हवे तर तसे हुकूम देता येत, पण मुख्य सोय ही की अंगठ्याखालच्या काडीने माणूस थेट ढकलायचा, मोटार चालवावी तसा. माझ्या हाताखालचा अब्बा भिंतीला धडकत होता.

याची कारणे मला पुढे कळली. प्लेस्टेशन टूची मुख्य मेमरी 32 एमबी. एका घरातल्या चार पिढ्यांची नाके-डोळे, कोण कुणाचे कोण, कोण कुणावर रुसले, हे सगळे एवढ्याशा जागेत चालवायचे म्हणजे आमच्या दोन खोल्यांत वरात उतरवण्यासारखे. जपून ठेवायला वेगळे मेमरी कार्ड, तेही 8 एमबीचे. 2005च्या ऑक्टोबरात हा खेळ वेगवेगळ्या यंत्रांवर आला, तेव्हा खरे तर नाव एक आणि खेळ अनेक अशी गत होती. हातात धरायच्या डीएस यंत्रावरचा ‘सिम्स 2’ तर वाळवंटातले हॉटेल चालवण्याचा खेळ होता! हे सगळे मान्य. पण माझा राग मेमरीवर नाही, निवडीवर आहे. जागा कमी पडली तेव्हा काय गाळायचे हे कुणीतरी एका खोलीत बसून ठरवले असेलच ना? सोफ्यांचे प्रकार कमी करता आले असते. गाळली ती मुले आणि म्हातारी माणसे. आणि हे एकदाच घडले असे नाही. 2014 साली ‘सिम्स 4’ संगणकावर आला तेव्हा त्यात रांगती मुले नव्हती. पाळण्यातले बाळ एकदम शाळकरी व्हायचे. रांगणे परत यायला 2017चा जानेवारी उजाडला. पोहण्याचा तलावही गाळला होता, पण तो दोन-तीन महिन्यांत परत आला. काय आधी परतले ते पाहा.

अब्बा फौंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा, जादा धातू ग्राइंडरने घासून काढायचा. निपाणीहून आले ते याच कामाला लागले आणि याच कामातून बाहेर पडले. रात्री घरी आले की त्यांच्या भुवयांत बारीक वाळू असायची. मी त्यांना माझी तक्रार सांगितली. त्यांना खेळातले काही कळत नव्हते, पण नाव तेच आणि वस्तू वेगळी एवढे बरोबर कळले. म्हणाले, “पॅटर्न एकच है बेटा, कास्टिंग अलग निकल्या. ऊपर नाम कोरेला है वोच, अंदर ब्लोहोल.” ब्लोहोल म्हणजे ओतताना आत अडकलेल्या हवेची पोकळी. बाहेरून तुकडा धडधाकट दिसतो, मशिनवर चढवला की पोकळी उघडी पडते. असा माल रिजेक्शनमध्ये जातो आणि पुन्हा भट्टीत.

रिजेक्शन हा शब्द आमच्या घरात त्या सुमारास जरा जपूनच उच्चारला जायचा. कारण खाला.

अम्मीची धाकटी बहीण. इचलकरंजीला दिली होती, यंत्रमागाच्या घरात. नऊ वर्षे झाली, मूल झाले नाही. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात मन्नत झाली, कोल्हापूर-सांगलीचे डॉक्टर झाले, काढे झाले. तपासण्या सगळ्या खालाच्या झाल्या. खालूंची एकही नाही. मग त्यांनी दुसरा निकाह केला. तलाक वगैरे काही नाही, भांडणसुद्धा नाही. खाला चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली आणि तिची पत्र्याची पेटी आमच्या पलंगाखाली गेली. त्यानंतर कोणत्याही लग्नात, हळदीत, मय्यतीतसुद्धा बायका तिच्याकडे पाहून आवाज खाली घ्यायच्या. त्यातल्या ज्या प्रेमळ होत्या त्या मोठ्याने विचारायच्या.

खाला माझ्या मागे बसून पडद्याकडे बघत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाली, “इसमें किसी कू बच्चे नै होते क्या?”

“नै होते, खाला. म्हणून तर बेकार आहे.”

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “किसी कूच नै?”

“किसी कूच नै.”

“और कोई पूछता बी नै?”

“नै.”

“ला, मेरे कू दे,” असे म्हणून तिने कंट्रोलर घेतला.

त्यानंतर जवळपास चार वर्षे तो खेळ खालाचा होता. सकाळची धुणीभांडी, दुपारचे शिवणकाम आणि लोडशेडिंग यांतून उरलेल्या वेळात ती बसायची. वीज जायच्या वेळा तिला पाठ झाल्या होत्या. जायच्या दहा मिनिटे आधी ती मेमरी कार्डात घर ठेवून द्यायची. ‘घर रख दी’ हे तिचे शब्द. त्या खेळात एक गोष्ट संगणकावरच्यापेक्षा खरोखर चांगली होती. वेगवेगळे जिन्नस एकत्र करून आपल्या मनाचे पदार्थ करता यायचे. खाला त्यात रमली. मिरची-मसाला नाही म्हणून कुरकुर करायची, पण करून बघायची. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पडदा मधोमध चिरून दोघांना एकाच वेळी खेळता यायचे. संगणकावर मी एकटी होते. इथे डाव्या अर्ध्यात खाला आणि उजव्या अर्ध्यात मी. ती तिकडे माशांचे काहीतरी शिजवायची आणि मला हाक मारायची, “आ जा, खाने कू.” मी माझ्या बाईला ढकलत ढकलत तिच्या टेबलापाशी नेऊन बसवायची.

त्या माणसांची बोली कोणाचीच नाही. बनवणाऱ्यांनी आधी युक्रेनियन, नाव्हाहो, टागालोग अशा खऱ्या भाषा तपासून पाहिल्या. पण एकच एक वाक्य शंभरदा ऐकले की कंटाळा येतो. शेवटी स्टीफन केरिन आणि जेरी लॉलर या दोन कलावंतांनी तोंडाला येईल ते आवाज काढून ‘सिमलिश’ नावाची अर्थहीन बोली उभी केली. माझ्यासारखीला, जी घरी दखनी बोलते, शाळेत उर्दूत शिकवते, बाजारात आणि या वार्षिकात मराठीत असते आणि फॉर्म इंग्रजीत भरते, त्या बोलीचा हेवा वाटतो. तिथे कुणी विचारत नाही, ‘मुसलमान असून मराठी इतके छान कसे?’ खालाला तर ती सगळी समजायची. “देख, ये उस कू उधार मांगरा. वो देता नै.” आणि खरोखर तो द्यायचा नाही.

शेजारच्या एका बाईंनी हरकत घेतली, की माणसांची चित्रे बनवायची आणि त्यांत जान घालायची, कयामतीला जाब द्यावा लागेल. खाला शिवणाच्या मशिनवरून न उठता म्हणाली, “मैं कां बनायी? बने बनाये हैं. मैं तो खाली खाना देतूं.” बाई चहा पिऊन गेल्या.

मला हे सगळे सांगून ‘पाहा, रिजेक्शनचा मालही कुणाच्या कामी येतो’ असे म्हणायचे नाही. मला ते तसे वाटत नाही. तो खेळ अपुराच होता. ज्या जगात म्हातारे नाहीत, मुले नाहीत, ते जग खालासाठी सुखाचे ठरले, यात त्या बनवणाऱ्यांची काही हुशारी नाही. यात बोलायचेच तर आपल्याबद्दल बोलावे लागेल. आपल्या लग्नाच्या मांडवात तिला तेवढे मिळाले असते तर तिने त्या 32 एमबीच्या घरात कशाला राहायला जावे?

भाईजानने 2012 साली संगणक घेतला तेव्हा मूळचा, सहा टप्प्यांचा खेळही आला. खालाने आपणहून बघायला मागितला. मी खेळत होते, ती पाहत होती. संध्याकाळी सातला नवरी असलेली बाई दहाच्या सुमारास काठी टेकायला लागली. खाला म्हणाली, “इत्ते जल्दी?” आणि मग, “तुम्हारे लोगां भागतैं गे. मेरे लोगां आराम से हैं.” ती उठून आपल्या टीव्हीपाशी गेली. समीक्षा म्हणून मला तरी याहून चांगले वाक्य सुचत नाही. माझ्या आवडत्या खेळालाही ब्लोहोल होते, हे मात्र मी तिच्यासमोर कबूल केले नाही.

आता मी शिकवते त्या वर्गात निम्म्याहून जास्त मुले फौंड्री कामगारांची. काही इथलीच, काही उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्यांची, काही कर्नाटकातली. गरजा शिकवताना मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून विचारते, माणसाला काय काय लागते? अन्न, वस्त्र, निवारा सगळे म्हणतात. एकदा चौथीतला एक मुलगा म्हणाला, “छुट्टी.” त्याचा बाप वर्षातून एकदाच गावी जाई, तिथे त्याची आजी. मास्लोत छुट्टी नाही, त्या आठ पट्ट्यांतही नाही. मी फळ्यावर लिहिली.

2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, शिरोलीपाशी महामार्गावर पाणी चढले आणि पुणे-बंगळुरू वाहतूक आठवडाभराच्या आसपास बंद राहिली. ट्रकच्या रांगा लागल्या. लोकांनी जिथे-तिथे चुली मांडल्या, त्यांत आमच्या मोहल्ल्याचीही एक होती. खाला देगेपाशी होती. मुठीने तांदूळ, मुठीने डाळ, मिरची-मसाल्यासकट. एका तामिळी ड्रायव्हरने मोडक्या हिंदीत प्रेमाने विचारले, “अम्मा, बच्चे कितने?” माझ्या हातातला वाढणीचा चमचा थांबला. खालाने रांगेकडे नजर टाकली आणि म्हणाली, “गिनना पडता. तू खा पैले.”

प्लेस्टेशन टूचे उत्पादन 2013च्या जानेवारीत बंद झाले. आमचे यंत्र त्यानंतरही काही वर्षे चालले, मग तबकडी वाचेना. कोल्हापुरातल्या एका दुरुस्तीवाल्याने लेन्स गेली म्हणून सांगितले, मिळाली तर कळवतो म्हणाला. भाईजान आता चाकणला असतो. ईदला आला की खाला पहिला प्रश्न लेन्सचा विचारते. त्याने तिला 2017 साली नव्या यंत्रांवर आलेला ‘सिम्स 4’ दाखवला, त्यात मुले आहेत, म्हातारे आहेत, सगळे आहे. “अच्छा है,” ती म्हणाली आणि मेमरी कार्ड कुठे ठेवले आहे ते विचारले.

ते माझ्याकडे आहे, शाळेच्या कपाटाच्या किल्लीसोबत, एका डबीत. तिला काळजी आहे ती चुलीची. शेवटचे घर ठेवले तेव्हा चुलीवर काहीतरी होते, असे तिला पक्के आठवते. मी तिला अनेकदा समजावले, की यंत्र बंद असले की तिथला वेळही थांबतो, काही जळत नाही. ती ऐकून घेते. परवा पुन्हा म्हणाली, “हौ, थमता होगा. लेकिन मैं गॅस बंद करी थी का नै, वो बोल.”